नळी आत राहिली

चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या टेबलावर मामांनी आपली सगळी नोकरी काढली. डॉक्टर डोळ्यांचा नंबर काढून देत, पुढचं सगळं मामांचं. काच घासून फ्रेममध्ये बसवायची, दोन बुबुळांमधलं अंतर पट्टीने मोजायचं, दांडी गरम करून कानामागे नीट वाकवायची. नवा चष्मा चढवला की गिऱ्हाईक आरशाकडे वळायचं. मामा त्याला तिथून वळवून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लावत. "सुंदर नंतर दिसा, आधी खालची बारीक ओळ वाचा." वाचताना ते अडखळलं तर चष्मा काढून घेत आणि पुन्हा कामाला लागत. अंधुक ही गोष्ट त्यांना खपत नसे.

खरं तर ते मामा फक्त त्यांच्या भाचीचे. पण ती लहानपणी शाळा सुटल्यावर दुकानात येऊन बसायची आणि त्यांना हाका मारायची, तेव्हापासून ते मालकासकट साऱ्या दुकानाचे मामा झाले. त्या नावाआधी 'फोकस' जोडलं ते त्यांच्या धाकट्या भावाने, आणि कौतुकाने नव्हे. घरात चार माणसं जमली की मामा कॅमेरा काढत आणि त्यांचं मनासारखं जुळेपर्यंत ताटातलं गार होई. "फोकसमामांचं झालं असेल तर जेवू या का?" धाकटा विचारायचा.

कॅमेरा मामांपेक्षा वयाने मोठा होता. एक जुना स्टुडिओ बंद होत होता, तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या फोटोग्राफरकडून त्यांनी तो घेतला. जात रेंजफाइंडरची. म्हणजे त्यात भिंगातून बघायचं नसतं. भिंगाच्या वर, कोपऱ्यात एक वेगळी छोटी खिडकी असते, तिला डोळा लावायचा. खिडकीच्या मधोमध एक फिकट पिवळा ठिपका. त्या ठिपक्यात समोरचं माणूस दोनदा दिसतं, एकाला दुसरं खेटून उभं असल्यासारखं. भिंगाची कडी बोटाने फिरवत गेलं की ती दोन माणसं सरकत सरकत एकमेकांत शिरतात आणि एक होतात. एक झाली की अंतर जुळलं, मग दाबायचं. आवाज म्हणाल तर कुणी जिभेने हलकेच 'च्' करावं एवढाच.

यात एवढं काय आहे असं कुणी विचारलं की मामा त्या एक होण्याबद्दल बोलत. मोबाइल सगळं आपलं आपण ठरवतो, माणसाला काही करायला ठेवतच नाही. इथे दोघांना आपल्या बोटांनी जुळवावं लागतं आणि जुळलं की पोटात कुठेतरी बरं वाटतं. शिवाय त्या खिडकीत चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसतं. कोण आत यायला निघालंय, कोण कंटाळून उठतंय, सगळं. रोलवर फोटो मोजकेच, म्हणून बोट दाबण्याआधी विचार करायचा. आणि काढलेला लगेच बघता येत नाही, हे तर सगळ्यात चांगलं. "धुऊन येईपर्यंत तो आपल्या डोक्यात असतो," मामा म्हणत, "आणि डोक्यातला फोटो कधी बिघडत नाही."

त्या कॅमेऱ्याची एक खोड मात्र सांगायला हवी. त्याचं भिंग एका नळीवर बसवलेलं होतं. चामड्याच्या पाकिटात ठेवताना नळी आत ढकलायची. बाहेर काढल्यावर ती ओढून थोडी पिळायची, म्हणजे घट्ट बसते. ती आत राहिली तर फोटोत नुसता धुरळा. पण बघायची खिडकी वेगळी असल्यामुळे, नळी आत असो की बाहेर, बघणाऱ्याला सगळं लख्ख दिसतं. पिवळ्या ठिपक्यातली माणसंसुद्धा बिनतक्रार एक होतात. कॅमेरा काही बोलत नाही.

मामा चौघांतले तिसरे. थोरली ताई, मग दादा, मग मामा, मग धाकटा. आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र धाकट्याने कुणाला न विचारता शेजारणीला देऊन टाकलं आणि दादाने त्याच्याशी बोलणं सोडलं. दादाला सुईत दोरा ओवता येत होता अशातला भाग नव्हता. पण बोलणं सुटलं ते सुटलं, त्याला कित्येक वर्षं लोटली. मग ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर तिने दोघांना फोन केला आणि दोघांना तेच सांगितलं. "मला बघायला ये, आणि रविवारीच ये. दोनदा उठून दार उघडण्याइतका माझा गुडघा रिकामा नाही."

मामांना तिने वेगळं बोलावून घेतलं. सोफ्यासमोरच्या भिंतीवर तिने एक फ्रेम आधीच टांगून ठेवली होती. काच पुसलेली, आत काही नाही.

"दोघं माझ्या दोन बाजूंना बसलेले मला इथे हवेत," ती म्हणाली. "समोरच बसते मी दिवसभर. परत बसतील न बसतील. एवढं कर माझं."

"हे काय सांगणं झालं, ताई," मामा म्हणाले. "तू फ्रेम आणलीस ना, मग फोटो आलाच समज."

रविवारी दोघं आले. सकाळभर त्यांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं. ताईचं मांजर मधल्या खुर्चीवर बसलं होतं, त्याच्यामार्फत व्यवहार चालला. "मांजरा, खिडकी लावली तर चालेल का विचार," दादा म्हणे. "मांजरा, खिडकी उघडी असलेलीच बरी, सांग," धाकटा म्हणे. ताई ओठ दाबून हसत होती. मामांनी मांजर टिपलं, टेबलावरचे चहाचे कप टिपले, ओल्या हाताने केस मागे सारणारी भाची टिपली. कॅमेरा हातात आणि नळी बाहेर, सगळं जिथल्या तिथे.

जेवणं झाल्यावर भाची त्यांच्याशेजारी येऊन बसली. "मामा, हे पुढचं आत जातं म्हणता ना, ते कसं?"

कुणी असं विचारलं की मामांना राहवत नसे. त्यांनी कॅमेरा मांडीवर घेतला, नळी सोडवली आणि सावकाश आत ढकलली. "हे बघ. गोगलगायीने डोकं आत घ्यावं तसं. त्या काळात लोक हा कॅमेरा कोटाच्या खिशात घालून फिरायचे. तुझा मोबाइल दोन वर्षांत म्हातारा होतो. हा बघ, एवढ्या वर्षांनी..."

"अरे, बसले बघ," ताईची हाक आली. "उठायच्या आत ये."

आणि खरंच, सोफ्यावर ताईच्या एका हाताला दादा आणि दुसऱ्या हाताला धाकटा बसला होता. मामा लगबगीने उठले. भाचीने मोबाइल उचलून समोर धरला, तसा मामांनी आपला तळहात त्याच्यासमोर आडवा घातला.

"ठेव तो खाली. हा फोटो तसल्याने काढायचा नाही. सगळ्यांनी ठेवा खाली. असे दिवस मोबाइलात पुरायचे नसतात."

"एक तरी काढू द्या ना, मामा."

"एकही नाही."

तिने मोबाइल खाली घेतला. मामांनी खिडकीला डोळा लावला. पिवळ्या ठिपक्यात ताईचा चष्मा दोनदा दिसत होता, त्यांनीच बसवून दिलेला. कडी फिरवत गेले, दोन चष्मे एक झाले. त्यांनी एक फोटो काढला, मग दुसरा. तिसऱ्याच्या आधी धाकटा ताईच्या डोक्यावरून दादाला थेट म्हणाला, "आईने त्या यंत्रावर तुला चड्डी शिवली होती ना, दोन्ही पाय एकाच बाजूला आलेली?" दादाचं हसू फुटलं, धाकट्याचंही फुटलं, ताईने दोघांच्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि मामांनी बरोब्बर त्या क्षणी दाबलं. च्. रोल संपला. मामांना इतकं समाधान झालं की रोल संपल्याचं त्यांना वाईटही वाटलं नाही.

निघताना दारात चपला घालता घालता दादा म्हणाला, "यंत्र असतं तर ती चड्डी उसवून नीट शिवून दाखवली असती." धाकटा म्हणाला, "म्हणजे अजून तेच का?" आणि जिना उतरेपर्यंत आवाज चढले. खालच्या दाराशी एक उजवीकडे गेला, एक डावीकडे. महिना उलटायच्या आत धाकटा मुलाकडे परदेशी राहायला गेला. दादाने निरोपाचा फोनसुद्धा केला नाही.

"हरकत नाही," ताई मामांना म्हणाली. "फोटो आहे ना आपल्याकडे."

फिल्म धुऊन देणारं एकच ठिकाण आता उरलं होतं. पुढे पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स, मागे पडदा, पडद्यामागे अंधारी खोली. जुन्या मालकांची मुलगी वडिलांच्या माघारी ते चालवत होती, सगळे तिला बाई म्हणत. तोंडाने फटकळ, हाताने स्वच्छ. त्यांचे वडील होते तेव्हापासून मामांचे रोल तिथेच धुतले जात.

"या, चष्मेवाले," बाई म्हणाल्या. आज त्यांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. धुतलेली पट्टी खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर पसरली आणि भिंग पुढे सरकवलं. "मांजर झकास आलंय. शेवटचे बघा."

मामांनी बघितलं. मांजराची मिशी न मिशी मोजता येत होती. कपांवरची नक्षी, भाचीच्या हातावरचे पाण्याचे थेंब, सगळं कसं कोरल्यासारखं. आणि त्यापुढे, पट्टी संपेपर्यंत, प्रत्येक फोटोत तीन राखाडी ढिगारे. कुणी काचेवर श्वास सोडावा आणि पलीकडे माणसं असावीत तसे. डोकी कुठे संपतात ते कळत नव्हतं.

भिंगावरून डोळा काढायच्या आधीच त्यांना सगळं समजलं. मांडीवरचा कॅमेरा, गोगलगाय, भाचीचा चेहरा. नळी त्यांनीच आत घातली होती आणि बाहेर ओढली नव्हती. कानामागून ऊब चढत गेली. त्यांना दुकानातलं कॅलेंडर आठवलं, आणि ज्यांना ज्यांना त्यांनी बारीक ओळ वाचायला लावली ते सगळे.

"नळी ओढायची राहिली का?" बाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, सर्दी झाली का विचारावं तसं विचारलं.

"छे," मामा म्हणाले. "मी? इतकी वर्षं वापरतोय. ओढली होती."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पट्टी कापायला घेतली. "मग असेल काही," म्हणाल्या.

ताईकडे जाताना मामांनी चांगले फोटो वर ठेवले. तिने मांजर बघितलं, कप बघितले, लेकीला बघून "केस विंचरायचे होतेस गं," म्हणाली. मग शेवटचे हातात आले. तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला. ते बघून मामांना वाटलं, इथेच जमिनीने आपल्याला पोटात घ्यावं.

"हे आम्ही आहोत?" ताईने विचारलं.

आणि मामांच्या तोंडून निघून गेलं, "लॅबमध्ये बिघडलं गं. त्या बाईंचं रसायन जुनं होतं बहुतेक."

"मांजर एवढं स्पष्ट, आणि आम्हीच तेवढे कसे बिघडलो?"

"शेवटचं टोक नीट बुडलं नसेल. होतं असं."

एक खोटं निघालं की दुसऱ्याला मागे सरकून जागा द्यावी लागते, तसं मामा देत गेले. वडिलांसारखं काम आता बाईंकडे राहिलं नाही असंही ते बोलले. बोलताना खिशातला रुमाल काढून त्यांनी घडी घातली, मोडली, परत घातली.

"थांबा," भाची एकदम म्हणाली, "तुम्ही अडवलंत ना, तेव्हा माझं बोट पडलं होतं. एक निघाला असेल."

तिने मोबाइल चाळायला घेतला. ताई पुढे वाकली. मामाही वाकले, आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी मनातल्या मनात मोबाइलची जेवढी करुणा भाकली तेवढी आयुष्यात कशाची भाकली नसेल. फोटो सापडला. त्यात मामांचा तळहात होता. पडदाभर. एकेक रेष, अंगठ्याजवळचा काच घासताना कापल्याचा जुना व्रण, सगळं अगदी स्पष्ट. बोटांच्या फटीतून दादाच्या चपलेचं टोक तेवढं दिसत होतं.

"हात मात्र फोकसमध्ये आलाय, मामा," भाची म्हणाली. ती हसली नाही, तेच जास्त लागलं.

ताईने काठी घेतली. "चल, त्या बाईंकडे जाऊ. रसायनाने बिघडलंय तर त्यावर त्यांच्याकडेच काही उपाय असेल. विचारायला काय जातंय?"

मामांनी गुडघ्याचं कारण काढलं, पायऱ्यांचं काढलं, दुकान बंद असेल म्हणाले. ताईने तोवर चपला घातल्या होत्या. टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मामा आपल्या हातांकडे.

बाईंनी ताईला स्टूल दिलं. ताईने फोटो काउंटरवर ठेवला आणि तिच्या मऊ आवाजात म्हणाली, "माझ्या भावाचा रोल तुमच्याकडे बिघडला म्हणे, रसायनाने. रागवायला आले नाही हं. दोघं भाऊ परत असे बसायचे नाहीत, म्हणून आले. यातून काही निघेल का बघा."

बाईंनी फोटोकडे बघितलंच नाही. ताईच्या मागे उभ्या असलेल्या मामांकडे बघितलं. पुढच्या मशीनवर कुणाच्या तरी झेरॉक्स निघत होत्या, तो खटखट आवाज तेवढा चालू होता. मामा मशीनमधून निघणाऱ्या कागदांकडे बघत राहिले.

"रसायनाने, असं म्हणाले का ते?" बाई म्हणाल्या.

"हो."

"मग तसंच असेल." त्यांनी फोटो उचलून ताईच्या हातात परत दिला. "चूक झाली आमच्याकडून. यातून काही निघायचं नाही, ताई. माफ करा."

"अहो, चालायचंच. मुद्दाम का कुणी करतं," ताई म्हणाली आणि काठी टेकत बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मामा तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले. टॅक्सीला हात करायला हात वर गेला आणि अर्ध्यावर राहिला. भाचीच्या मोबाइलातला तोच हात. तो खाली घेऊन ते म्हणाले, "ताई, बस जरा. रुमाल राहिला आत." रुमाल त्यांच्या मुठीतच होता.

बाई काउंटर पुसत होत्या.

"बाई," मामा म्हणाले, "नळी माझ्याकडून राहिली. भाचीला दाखवायला आत घातली आणि तशीच राहिली. मी तुमचं नाव पुढे केलं. तुमच्या वडिलांचंही मध्ये आणलं. मला..."

"मला कशाला सांगताय?" बाई पुसता पुसता म्हणाल्या. "मला त्या दिवशीच कळलं होतं. मांजर चांगलं आणि माणसं धूर, असं कुठलं रसायन करतं हो?"

"मग तुम्ही का म्हणालात, चूक झाली म्हणून?"

"तसला गुडघा घेऊन त्या इथवर आल्या होत्या. त्यांच्यासमोर तुम्हाला खोटं कसं पाडायचं मी?" त्यांनी फडकं पिळलं. "जा, बाहेर सांगा. मला तुमच्यासारखी ओळ वाचायला लावता येत नाही."

बाहेर बाकावर ताईने फोटो मांडीवर धरला होता. मामा तिच्याशेजारी बसले. उभ्याने सांगता आलं नसतं. सांगताना ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. नळीचं सांगितलं, गोगलगायीचं सांगितलं, आणि बाईंनी आत्ता कुणासाठी माफी मागितली तेही सांगितलं.

एक टॅक्सी रिकामी गेली, ताईने ती थांबवली नाही.

"फोटो गेला त्याचं वाईट वाटलं होतं," शेवटी ती म्हणाली. "पण तो गेला तर गेला. तू मला त्या बाईंसमोर उभं केलंस आणि त्यांच्याकडून माफी मागवलीस. मी ती घेतलीसुद्धा, वर 'चालायचंच' म्हणाले." तिने काठी घेतली. "ऊठ. मला परत आत ने."

आत जाऊन तिने बाईंना काय सांगितलं ते मामांनी ऐकलं नाही. तिने त्यांना दारातच उभं केलं होतं, शाळेत उभं करतात तसं. ती बाहेर आली तेव्हा बाई तिच्याबरोबर दारापर्यंत आल्या होत्या आणि दोघी कशावर तरी हसत होत्या. बहुतेक मामांवरच.

फ्रेम आता रिकामी नाही. ताईने त्या रोलमधला शेवटचा फोटो, हसण्याचा, मोठा करून घेतला. बाईंनीच करून दिला. तीन राखाडी ढिगारे सोफ्यासमोर लटकतात. डावीकडचा मागे रेललाय तो दादा, त्याला हसताना मागे जायची सवय. उजवीकडचा पुढे झुकलाय तो धाकटा. मधला ढिगारा दोन्हीकडे पसरलाय, ते ताईचे हात. माहीत असलेल्याला कळतं. माहीत नसलेला विचारतो, आणि घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतंच.

"यालाच विचारा," ताई म्हणते आणि मामा असतील तर त्यांच्याकडे बोट करते. मग मामा सांगतात. दादाला सांगितलं, तो पाय लांब करून इतका हसला की खोकला लागला, आणि जाताना म्हणाला, "त्याला पाठवा हा फोटो. चड्डीपेक्षा वाईट झालाय." भाचीने पाठवला. धाकट्याचं उत्तर आलं ते ताईच्या फोनवर, दादाच्या नाही. तरी दादाने दोनदा विचारलं, काय म्हणतो म्हणून.

मामांनी कॅमेरा सोडला नाही. काही दिवस तो कपाटात वरच्या फळीवर गेला होता, पण पिवळ्या ठिपक्याची आठवण काही जात नव्हती. आता नवा रोल घालून ते डोळा खिडकीला लावतात, तेव्हा समोर बसलेले सगळे, अगदी मालकसुद्धा, एका सुरात विचारतात, "नळी?" मामा नळी ओढतात, पिळतात, परत एकदा ओढून बघतात. भाचीने मोबाइल काढला तर तिला अडवत नाहीत. आपला हात कुठे जातोय याकडे त्यांचं लक्ष असतं.

रोल धुवायला ते बाईंकडेच जातात. तिथे पायरी चढताना अजूनही मान वर होत नाही. "या, चष्मेवाले," बाई म्हणतात आणि पट्टी टेबलावर पसरतात. रसायनाचा विषय त्या कधी काढत नाहीत.

ताईकडे मात्र सुटका नाही. परवा तिचे डॉक्टर गुडघा बघायला आले आणि चहा घेताना त्यांची नजर भिंतीवर गेली. मामांनी सवयीने सुरुवात केली. कॅमेरा किती जुना, खिडकी कशी वेगळी, नळी कशी आत राहिली. डॉक्टरांना गंमत वाटली, मामाही हसले आणि कपाकडे हात नेला.

आतून ताईचा आवाज आला. "लॅबचं सांगितलंस का?"

मामांनी कप खाली ठेवला. "सांगतो," ते म्हणाले, आणि सांगायला लागले.